वाचकांचे प्रश्न : ‘मांसविरहित’ वेष्टनात दडलेले प्राणिज घटक

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे एकाच विषयावरची आहेत. मांस वर्ज्य करणाऱ्या वाचकांनी तयार खाद्यपदार्थांची पाकिटे उलटून मागची घटकसूची वाचली आणि जिथे शब्द अडले, तिथे आम्हाला विचारले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : ‘मांसविरहित’ असे ठळक अक्षरांत छापलेल्या गोठवलेल्या पॅटीच्या घटकांत मला अंड्यातील पांढरा बलक आढळला. आमच्या घरी अंडे खात नाहीत. ही ग्राहकाची फसवणूक नाही का?

उत्तर : आपला संताप मला पूर्णपणे समजतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर ‘मांसविरहित’ हा शब्द मांस नाही एवढेच सांगतो. अंडे, दूध, मध, मासळीचा अर्क किंवा जिलेटिन यांबद्दल तो काहीही बोलत नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर ‘मांसविरहित’, ‘वनस्पती-आधारित’, ‘दुग्धविरहित’, ‘शाकाहारी’ आणि ‘व्हीगन’ (म्हणजे दूध, मध यांसह कोणताही प्राणिज पदार्थ नसलेले) असे जे शब्द असतात, ते आपण एकाच अर्थाने वाचतो आणि गफलत तेथूनच सुरू होते. शाकाहारी पदार्थांत अंडे चालते की नाही, याविषयीही देशोदेशीचे संकेत वेगळे आहेत. युरोपीय संघाने २०११ च्या अन्नमाहिती नियमावलीतच ‘शाकाहारी’ व ‘व्हीगन’ या दाव्यांसाठी नियम करण्याचे काम युरोपीय आयोगाकडे सोपवले होते, आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ मध्ये ‘आयएसओ २३६६२’ हे मानक प्रसिद्ध करून या संज्ञांचे तांत्रिक निकष ठरवले. मात्र असे मानक पाळणे उत्पादकाच्या इच्छेवर असते. काही देशांत शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थ ओळखण्याचे चिन्ह कायद्यानेच सक्तीचे आहे. पण त्या चिन्हाच्या व्याख्येत नेमके काय बसते आणि काय बसत नाही, हे मुळातून वाचून घेतले पाहिजे.

अंडे पॅटीत का येते, हेही समजून घेण्यासारखे आहे. मांसातील प्रथिने शिजताना एकमेकांना धरून ठेवतात. सोयाबीन, वाटाणा किंवा गहू यांच्या प्रथिनांचे वळलेले गोळे मात्र तव्यावर फुटतात. अंड्यातील पांढरा बलक उष्णता लागताच घट्ट होतो आणि मिश्रण बांधून ठेवतो, म्हणून तो या उद्योगाला फार सोयीचा वाटला. बुरशीपासून मिळवलेल्या प्रथिनाचा ‘क्वॉर्न’ हा पदार्थ १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आला, तेव्हापासून त्याच्या बहुतेक प्रकारांत बंधक म्हणून अंड्याचा पांढरा बलकच वापरला जात होता. अंडे नसलेले प्रकार पुष्कळ वर्षांनी आले. आज मिथाइलसेल्युलोज, बटाट्याचे स्टार्च यांसारखे वनस्पतिज बंधक उपलब्ध आहेत आणि अनेक उत्पादक ते वापरतातही. म्हणजे अंडे ही तांत्रिक अपरिहार्यता राहिलेली नाही, आणि ज्यांनी ते ठेवले आहे त्यांनी ते दर्शनी बाजूवरच सांगावे, असे माझे ठाम मत आहे.

दुधाच्या बाबतीतही हेच घडते. वनस्पतिज म्हणवणाऱ्या काही चीजमध्ये, ते वितळून ताणले जावे म्हणून, केसीन हे दुधातील प्रथिन घातलेले असते. कॉफीत घालण्याच्या ‘दुग्धविरहित’ भुकटीत सोडियम केसिनेट, म्हणजे केसीनचेच एक रूप, आढळणे तर इतके नित्याचे आहे की अमेरिकेच्या नियमांनुसार अशा भुकटीच्या घटकसूचीत केसिनेटपुढे ‘दुधापासून मिळवलेले’ असा खुलासा छापावा लागतो. दर्शनी बाजूवर ‘दुग्धविरहित’ आणि मागे ‘दुधापासून मिळवलेले’, हे दोन्ही शब्द एकाच पाकिटावर कायदेशीरपणे नांदू शकतात. म्हणून पाकीट उलटल्याशिवाय ते खरेदी करू नये.

प्रश्न : ‘नैसर्गिक स्वाद’ या दोन शब्दांत नेमके काय असते? बटाट्याच्या वेफर्सवरही ते लिहिलेले दिसतात. बटाटा, तेल आणि मीठ यांत प्राणिज असे काय असणार?

उत्तर : सर्व पत्रांमधला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या व्याख्येप्रमाणे फळे, मसाले, पाने, मुळे, यीस्ट यांच्याबरोबरच मांस, मासळी, कोंबडी, अंडी आणि दुग्धपदार्थ यांपासून काढलेला स्वादही ‘नैसर्गिक’ ठरतो. या शब्दाने स्वाद प्रयोगशाळेत संश्लेषित केलेला नाही एवढे कळते. तो वनस्पतीतून आला की प्राण्यातून, हे त्यावरून कळत नाही.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मॅकडोनाल्ड्सच्या अमेरिकेतील बटाट्याच्या तळलेल्या कापांचे आहे. १९९० मध्ये या कंपनीने गाईबैलांची चरबी सोडून वनस्पती तेलात काप तळण्याची घोषणा केली, आणि असंख्य शाकाहारी ग्राहकांनी ते निःशंक मनाने खायला सुरुवात केली. प्रत्यक्षात जुनी चव टिकावी म्हणून काप गोठवण्यापूर्वीच त्यांना गोमांसापासून काढलेला स्वाद लावला जात होता आणि घटकांत त्याचा उल्लेख ‘नैसर्गिक स्वाद’ एवढाच होता. २००१ मध्ये हे प्रकरण न्यायालयात गेले. २००२ मध्ये कंपनीने जाहीर माफी मागितली आणि शाकाहारी व इतर संबंधित गटांच्या संस्थांना मिळून १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ज्यांनी श्रद्धेने किंवा विवेकाने एक गोष्ट आयुष्यभर टाळली होती, त्यांना ती अजाणता वर्षानुवर्षे खावी लागली. रक्कम कितीही मोठी असली, तरी या दुःखाची भरपाई तिने होत नाही.

वेफर्सबद्दल बोलायचे तर साध्या खारवलेल्या वेफर्समध्ये बहुधा काहीच दडलेले नसते. मसाला लावलेल्या प्रकारांत मात्र चीजची भुकटी, दुधाच्या निवळीची भुकटी किंवा स्वाद पसरवण्यासाठी लॅक्टोज ही दुधातील साखर असते. येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. ज्या पाकिटाच्या नावात मांसाचा उल्लेख आहे, त्यातला स्वाद कधी कधी संपूर्णपणे यीस्ट आणि मसाल्यांचा असतो, तर चीज आणि कांदा असे निरुपद्रवी नाव धारण करणाऱ्या पाकिटात वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या दूध साकळणाऱ्या द्रव्याने, बनवलेले चीज असू शकते. नावावरून निष्कर्ष काढणे दोन्ही बाजूंनी चुकते. बार्बेक्यू स्वादाच्या मसाल्यात वूस्टरशर सॉसची भुकटी आली असेल, तर तिच्या मूळ कृतीत अँकोव्ही ही छोटी मासळी असते. तयार करी पेस्टमध्ये कोळंबी आणि बाटलीबंद किमची या कोरियन लोणच्यामध्ये माशांचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असणे हेही सामान्य आहे.

सूचीतील ‘ई’ने सुरू होणारे क्रमांक हे युरोपीय संघाने खाद्यपदार्थांत घालायच्या पूरक द्रव्यांना दिलेले क्रमांक आहेत. चव वाढवणारे ई-६३१, म्हणजे डायसोडियम इनोसिनेट, पूर्वी मांस व मासळीपासून काढले जात असे. आता ते मोठ्या प्रमाणावर स्टार्चच्या किण्वनातून बनते. नुसत्या क्रमांकावरून उगम कळत नाही. ई-४७१ या मोनो व डायग्लिसराइड्सचेही तसेच आहे. ती वनस्पती तेलापासून बनतात तशीच प्राण्यांच्या चरबीपासूनही बनतात आणि दोहोंचा क्रमांक एकच असतो. पाव, केक, आइस्क्रीम, मार्गरिन असे कितीतरी पदार्थ या एका क्रमांकाने संशयाच्या कक्षेत येतात. उत्पादकाने आपण होऊन ‘वनस्पतिज’ असे पुढे लिहिले असेल तरच तो संशय फिटतो.

प्रश्न : आम्ही दूध व दुग्धपदार्थ घेतो. मग चीजबाबत आम्ही काळजी करण्याचे कारण काय?

उत्तर : कारण पारंपरिक पद्धतीत चीज दूध आणि मीठ एवढ्यावर होत नाही. दूध साकळण्यासाठी रेनेट वापरतात, आणि परंपरागत रेनेट हे दूधपित्या वासराच्या चौथ्या जठराच्या अस्तरातून, वासरू मारल्यानंतरच मिळते. त्यातील मुख्य विकर (एन्झाइम) कायमोसिन. वासराचे कायमोसिनचे जनुक सूक्ष्मजीवांत घालून किण्वनाने ते विकर तयार करण्याच्या पद्धतीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० मध्ये मान्यता दिली, आणि आज जगातील बरेचसे औद्योगिक चीज अशा किंवा बुरशीपासून मिळणाऱ्या विकरांवर बनते. परंतु इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोसारख्या, भौगोलिक नावाचे संरक्षण लाभलेल्या चीजच्या नियमांतच वासराचे रेनेट सांगितलेले आहे. ते शाकाहारी असू शकत नाही. त्याच कुळातील ग्राना पादानो या चीजमध्ये वासराच्या रेनेटबरोबरच बऱ्याचदा लायसोझाइम, म्हणजे ई-११०५, असते आणि ते अंड्याच्या पांढऱ्या बलकातून काढतात. बाटलीबंद पेस्टो, पास्त्याचे सॉस आणि वेगवेगळे मसाला-मिश्रण यांत ही चीज सर्रास असतात.

अडचण अशी की घटकसूची येथे फारशी मदत करत नाही. अमेरिकेत चीजच्या सूचीत नुसते ‘विकरे’ एवढे लिहिले तरी चालते. युरोपीय संघात तर दूध, आवश्यक विकरे, जिवाणूंचे विरजण आणि मीठ यांपलीकडे काही घातलेले नसेल, तर चीजवर घटकसूचीच देण्याचे बंधन नाही. म्हणून ‘सूक्ष्मजीवजन्य रेनेट’ किंवा ‘शाकाहारींसाठी योग्य’ असा स्पष्ट उल्लेख शोधावा.

चीज बनवताना उरणारी निवळीही याच साखळीतली असते, आणि ती चॉकलेटपासून बिस्किटांपर्यंत सगळीकडे पोहोचते. मे २००७ मध्ये ब्रिटनमध्ये मार्स आणि त्याच कंपनीच्या इतर काही चॉकलेटांसाठी प्राणिज रेनेटने बनलेली निवळी वापरण्याचा निर्णय कंपनीने घेतला. शाकाहारी ग्राहकांनी इतका तीव्र निषेध नोंदवला की त्याच महिन्यात कंपनीने माफी मागून तो निर्णय मागे घेतला.

प्रश्न : लाल-गुलाबी रंगाच्या आणि चकचकीत आवरणाच्या गोळ्या मुलांना द्याव्यात का? त्यांत किडे असतात असे ऐकले.

उत्तर : ऐकलेले खरे आहे, मात्र सगळ्याच गोळ्यांना ते लागू नाही. कार्माइन, म्हणजे ई-१२०, हा रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल या किड्याच्या वाळवलेल्या माद्यांपासून काढतात, आणि त्याचे सर्वांत मोठे उत्पादन पेरू या देशात होते. एक पौंड रंगद्रव्यासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात, असे नेहमी सांगितले जाते. उष्णता आणि प्रकाशात हा रंग फिका पडत नाही, म्हणून दही, फळांची पेये, गोळ्या, केकवरचे थर आणि मांसविरहित पदार्थांना मांसासारखी लाली आणणारी मिश्रणे या सर्वांत त्याला मागणी आहे. काही व्यक्तींना त्याची तीव्र अॅलर्जी होत असल्याच्या नोंदी मिळाल्यावर अमेरिकेने २००९ मध्ये नियम केला आणि ५ जानेवारी २०११ पासून त्याचे नाव सूचीत स्पष्ट लिहिणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी तो ‘घातलेला रंग’ अशा गुळगुळीत शब्दांखाली लपू शकत होता. २०१२ मध्ये स्टारबक्सने ग्राहकांच्या आक्षेपानंतर आपल्या स्ट्रॉबेरीच्या पेयातून हा रंग काढून टोमॅटोतील लायकोपीन वापरण्याचे जाहीर केले. बिटाचा रंग हाही पर्याय आहेच.

चकाकीसाठी वापरले जाणारे शेलॅक, ई-९०४, लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून, आणि ई-९०१ हे मधमाश्यांच्या मेणापासून मिळते. सूचीत कधी शेलॅक हा शब्द न येता ‘मिठाईची चकाकी’ अशा अर्थाचा उल्लेख असतो. काही फळांवरही हा लेप देतात.

चघळण्याच्या लवचीक गोळ्या, मार्शमेलो आणि साखरेचा थर दिलेली काही न्याहारीची धान्ये यांत जिलेटिन असते, आणि ते डुकरांची कातडी, गुरांची कातडी व हाडे किंवा माशांची कातडी उकळून मिळवलेले असते. वनस्पतिज जिलेटिन असा पदार्थ अस्तित्वात नाही. पेक्टिन, अगर किंवा कॅरागीनन यांपैकी काही लिहिले असेल तर ते वनस्पतिज किंवा समुद्री शेवाळाचे आहे असे समजावे. इंटरनेटवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये जिलेटिनचा ‘ई-४४१’ असा क्रमांक दिलेला असतो, पण युरोपीय संघात ते घटक मानले जाते आणि नावानेच लिहिले जाते. त्या क्रमांकाच्या शोधात राहिलात, तर समोरचे जिलेटिन नजरेतून सुटेल.

प्रश्न : घटकसूची अक्षरन् अक्षर वाचली आणि काहीही प्राणिज आढळले नाही, तर तो पदार्थ निश्चितपणे शुद्ध मानावा का?

उत्तर : निश्चितपणे नाही. पदार्थ बनवताना वापरले जाणारे पण अंतिम पदार्थात काम न करणारे साहाय्यक पदार्थ सूचीत लिहावे लागत नाहीत. उसाची साखर पांढरी करण्यासाठी काही कारखाने गुरांच्या हाडांचा कोळसा गाळणी म्हणून वापरतात. साखरेत हाडाचा अंश उरत नाही, आणि म्हणूनच सूचीत त्याचा मागमूसही नसतो. साखरबीटच्या साखरेला या कोळशाची गरज पडत नाही, आणि उसासाठीही वनस्पतिज सक्रिय कोळसा किंवा आयन-विनिमय राळ हे पर्याय आहेत. बिअर आणि वाइन नितळ करण्यासाठी माशांच्या वाताशयापासून बनलेले आयसिंग्लास वापरतात, आणि युरोपीय संघाने या वापराला अॅलर्जी-सूचनेतूनही सूट दिली आहे.

काही गोष्टी दुसऱ्या घटकाच्या पाठीवर बसून येतात. पेयांना केशरी रंग देणारे बीटा-कॅरोटीन पाण्यात मिसळावे म्हणून कधी जिलेटिनमध्ये गुंडाळलेले असते. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील लॅनोलिनपासून बनते. शैवाकापासून (दगडफुलासारख्या वनस्पतीपासून) बनलेले ड-३ आणि यीस्टपासूनचे ड-२ हे वनस्पतिज मार्गाने चालणाऱ्यांसाठी आहेत, परंतु पाकिटावर नुसते ‘ड जीवनसत्त्व’ लिहिलेले असते. ओमेगा-३ घातलेल्या पदार्थात शेवाळाचे तेल आहे की मासळीचे, हे तपासावे. पावाच्या कणकेला सैल करणारे एल-सिस्टीन, ई-९२०, बदकांच्या वा कोंबड्यांच्या पिसांपासून किंवा मानवी केसांपासून मिळवता येते. युरोपीय संघात केसांचा स्रोत वर्ज्य आहे, आणि किण्वनाने बनवलेलेही उपलब्ध आहे.

माझ्या मते ज्याच्यासाठी जेथवर शक्य आणि अर्थपूर्ण वाटते, तेथवर त्याने जावे. गाळणीतल्या कोळशामुळे कोणी साखर सोडली तर तो अतिरेक ठरत नाही, आणि कोणी घटकसूचीपाशी थांबला तर त्याला ढिला म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ही रेषा खाणाऱ्याने स्वतः आखावी, पण ती आखण्यासाठी लागणारी माहिती त्याच्यापासून लपवली जाऊ नये.

प्रश्न : लॅक्टिक अॅसिड, कोको बटर आणि लेसिथिन यांची मला भीती वाटते. व्हॅनिलाचा स्वाद बीव्हर या प्राण्यापासून येतो हेही खरे का?

उत्तर : लॅक्टिक अॅसिड साधारणतः साखर किंवा स्टार्च आंबवून करतात, कोको बटर ही कोकोच्या बियांतील चरबी आहे आणि लेसिथिन बहुधा सोयाबीन वा सूर्यफुलाचे असते, अंड्याचे असल्यास ते अॅलर्जीकारकांत ठळक दिसते. बीव्हरच्या ग्रंथींतील कॅस्टोरियम स्वादासाठी वापरण्यास अमेरिकेत परवानगी असली, तरी ते महाग आणि दुर्मीळ असल्याने आजच्या खाद्यपदार्थांत जवळजवळ वापरलेच जात नाही. बाजारातील बहुतेक व्हॅनिलिन संश्लेषित असते. या धास्तीत वेळ घालवू नये.

प्रश्न : माझ्या मुलीला दुधाची अॅलर्जी आहे. ‘व्हीगन’ लिहिलेले पदार्थ तिच्यासाठी सुरक्षित समजावेत का?

उत्तर : कृपया तसे समजू नका. ‘व्हीगन’ हा शब्द प्राणिज पदार्थ हेतुपुरस्सर वापरलेले नाहीत एवढे सांगतो. त्याच यंत्रावर आधी दुधाचे चॉकलेट बनले असेल, तर त्याचे कण पुढच्या मालात येऊ शकतात, आणि तीव्र अॅलर्जी असलेल्या मुलासाठी तेवढेही घातक ठरू शकते. आपण अॅलर्जीकारकांची ठळक नोंद आणि ‘दुधाचे अंश असू शकतात’ ही सूचना, या दोन्ही पाहाव्यात आणि शंका असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उलट दिशेने, अॅलर्जी नसलेल्या वाचकांनाही ही ठळक नोंद उपयोगी पडते, कारण दूध, अंडी, मासे आणि कवचधारी जलचर हे युरोपीय संघाच्या १४ आणि अमेरिकेच्या ९ अॅलर्जीकारकांत आहेत. परंतु गुरांचे व डुकरांचे जिलेटिन, चरबी, कार्माइन आणि शेलॅक त्या यादीत नाहीत, त्यामुळे ती नोंद कोरी असली म्हणजे पदार्थ निष्प्राणिज आहे असा अर्थ होत नाही.

प्रश्न : उत्पादकाला विचारायचे तर कसे विचारावे? मी पाठवलेल्या ई-मेलला ‘आमचा पदार्थ सर्व नियमांनुसार आहे’ असे उत्तर आले.

उत्तर : ‘आपला पदार्थ शाकाहारी आहे का?’ असे विचारले की असेच उत्तर येते. त्याऐवजी प्रत्येक घटकाचा उगम विचारा. ई-४७१ कोणत्या तेलापासून किंवा चरबीपासून बनलेले आहे. नैसर्गिक स्वादात मांस, मासळी, अंडे वा दूध यांचा अंश किंवा वाहक (स्वाद ज्यात मिसळतात तो पदार्थ) आहे का. निवळी कोणत्या रेनेटने निघाली. जीवनसत्त्वे व रंग यांना जिलेटिनचे आवरण आहे का. आणि यांचा पुरवठादार बदलला तर वेष्टनावर तसे कळते का, असे सुटे प्रश्न लिहा. पदार्थाचे पूर्ण नाव, वजन आणि पाकिटावरील बॅच क्रमांक द्या, कारण एकाच नावाचा पदार्थ वेगवेगळ्या देशांत वेगळ्या कृतीने बनतो. आलेले उत्तर तारखेसह जपून ठेवा आणि पाकिटाचे रूप बदललेले दिसले, तर जुन्या उत्तरावर विसंबून न राहता पुन्हा विचारा. कंपनीने उगम सांगण्यास स्पष्ट नकार दिला, तर मी स्वतः तो पदार्थ प्राणिज समजून बाजूला ठेवतो.